वाऱ्याने खाल्लेलं चाक

त्या सकाळी आमचं प्रॅक्टिकल चालू होतं आणि मोबाईल बाहेर बॅगेत होता. साडेअकराला बाहेर येऊन बघितलं तर आईचे सहा मिस्ड कॉल. आई काजूच्या फॅक्टरीत कामाला जाते. दुपारच्या सुट्टीत ती मला एकदाच फोन करते, तोही ‘जेवलंस?’ एवढं विचारायला. सहा वेळा फोन म्हटल्यावर काहीतरी झालंय हे कळलंच. मी फोन लावला. ती म्हणाली, “बाय, घराक ये. बाबीमामा आमका सोडून गेलो. चाय पिऊन पडवीत आडवो झालो, तो उठलोच नाय.” बाजूला मैत्रिणी परीक्षानळ्या धुतलेले हात ओढणीला पुसत हसत होत्या. माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते लिहायला मला लाज वाटते. रडू नाही आलं. एवढंच आलं, की चाकाचं सांगायचं राहिलं...

बाबीमामा म्हणजे माझ्या आईचा मोठा भाऊ. देवबागला त्याचं घर आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माडांखाली घरं. मामा सातवीपर्यंत शिकला. आधी होडीवर गेला, मग दुसऱ्याचा टेम्पो चालवला आणि शेवटची बारा-तेरा वर्षं स्वतःची गाडी. कुडाळ स्टेशनवरून पर्यटकांना आणायचं, मालवण-तारकर्ली फिरवायचं, पुन्हा स्टेशनला सोडायचं. पुरवणीत ज्यांच्यावर लेख येतात तशी मोठी कामं त्याने केली नाहीत. मीही कधी असं काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. पण मामाबद्दल एक गोष्ट आमच्या वाडीत कुणालाही विचारली तर तेच उत्तर मिळेल. त्याच्या गाडीची चाकं चकचकीत असायची.

गाडी त्याने गोव्यातल्या एका माणसाकडून जुनी घेतली होती. रंग पांढरा, दारं जरा सैल, पण चाकं अलॉयची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची. त्या चाकांवरच मामा भुलला असं मामी म्हणते. घेतली तेव्हा ती चाकं बघवत नव्हती. वरचा पारदर्शक लॅकर सुटलेला, त्याच्याखाली पांढऱ्या बुरशीसारख्या रेषा पसरलेल्या, आणि सगळ्या खाचांत ब्रेकची काळी भुकटी घट्ट बसलेली. मालवणातल्या गॅरेजवाल्याने तोंड वाकडं केलं. “बाबी, ही भंगारात घाल नि लोखंडी बसव. मीठ खाल्लेला चाक परत कधी उजळता काय?” मामा म्हणाला, “तू कधी भांडी घासलंस? नाय ना? मगे तुका कळाचा नाय.”

आठवी ते दहावी मी मामाकडे राहून शिकले, कारण आमच्या वाडीतून हायस्कूल लांब पडायचं. त्यामुळे ते सगळं काम मी खूपदा जवळून पाहिलं. भाडं नसेल त्या दिवशी मामा एक चाक काढून त्या जागी स्टेपनी बसवायचा आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, पाट टाकून बसायचा. एका वेळी एकच चाक. आधी नुसतं पाणी, मग साबणाचं पाणी. बोल्टांच्या भोकांत जुना टूथब्रश. डांबराचे ठिपके रॉकेलच्या बोळ्याने. मग जुना लॅकर काढायचा आणि वॉटर पेपर ओला करून घासत बसायचं, आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटचा पेपर हाताला कागदासारखा मऊ लागायचा. त्यानंतर पॉलिशची पेस्ट आणि मामीच्या जुन्या सुती साडीचा तुकडा. आमच्या विहिरीचं पाणी जरा मचूळ आहे, म्हणून शेवटचं धुणं त्या पाण्याने नाही. शेजारच्या गोड्या विहिरीची एक कळशी तो स्वतः आणायचा. “शेवटचा पाणी गोड व्हया. नायतर आपणच मीठ लावल्यासारखा.” पावसात गाडी उभी राहिली की चाकांना खोबरेल तेलाचा हात. मामी ओरडायची, “माझ्या केसांक नाय इतका तेल चाकांक!”

चाक झालं की नाही हे ठरवायची मामाची एक पद्धत होती. तो ते भिंतीला टेकवून उभं करायचा, स्वतःची मिशी त्यात बघायचा आणि मग हाक मारायचा, “गो, हय ये. केस बघ तुझे.”

आतून मामी म्हणायची, “माझ्या घरात आरसो आसा.”

“त्या आरशात तू रोजच्यासारखी दिसतंस. हय जरा बरी दिसशीत.”

“तुमचा चाक तुमका लखलाभ.”

इतक्या वर्षांत मामी त्या चाकात बघायला एकदाही बाहेर आली नाही. आणि मामा एकदाही हाक मारायचा चुकला नाही.

आता ती चतुर्थी. मी नववीत होते. आदल्या दिवशी घरात कुणाला उसंत नव्हती. मामीने तांब्या-पितळेची सगळी भांडी माझ्यासमोर ठेवली, समई, ताम्हण, घंटा, पंचपात्री. “आगळ घे, राख घे, नि सगळी उजळून काढ.” आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. आमच्याकडे सोलकढीला तोच आणि देवाच्या भांड्यांनाही तोच. काळी पडलेली समई आगळाने चोळली की बघता बघता सोन्यासारखी होते. मला त्या दिवशी ती जादू माझ्याच हातात आल्यासारखं वाटत होतं. भांडी संपली, वाडग्यात आगळ उरला. पडवीत मामाचं चौथं चाक भिंतीला टेकवून ठेवलं होतं. तीन चाकं पूर्ण होऊन गाडीला लागली होती. हे घासून, पॉलिश करून झालं होतं, फक्त वर लॅकर मारायचा होता. मामा मूर्ती आणायला गेला होता. मला वाटलं, हे मी समईसारखं करून ठेवते. मामा आला की बघत राहील.

मी काथ्या घेतला, आगळ आणि राख लावून चाक जोर लावून घासलं. मामी नेहमी म्हणायची की आगळ थोडा वेळ राहू दिला तर जास्त उजळतं, म्हणून मी ते तसंच ठेवलं. तेवढ्यात माटवी बांधायला हाक आली. गणपतीच्या वरच्या त्या लाकडी चौकटीला नारळ, सुपाऱ्या, कवंडळं, हरणाची फुलं बांधता बांधता मी चाक विसरून गेले. आठवण झाली ती दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळीला उठल्यावर. धावत जाऊन ओल्या फडक्याने पुसलं. खाली चकाकी नव्हती. राखाडी, काळपट डाग होते, कुणी पेज सांडून सुकू दिल्यासारखे. बोट फिरवलं तर बारीक खड्डे लागत होते. मी पुन्हा पुन्हा पुसत राहिले... डाग तसेच.

मूर्तीची पूजा व्हायची होती, शेजारपाजारची माणसं येत होती. मामा धोतर सावरत पडवीत आला आणि चाकापाशी थांबला. त्याने खाली बसून तळहात फिरवला. “अरे... ह्या काय झाला?” मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मामाने एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग उठून आल्यागेल्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “खारो वारो मेलो! एका रात्रीत खाल्ल्यान.” आणि मला विचारलं, “होय ना गो?”

मी म्हटलं, “होय.”

एवढंच. त्या एका ‘होय’चं ओझं मी पुढे सहा वर्षं वागवलं. मामाने ते चाक पुन्हा घासलं नाही. त्यावर तसाच लॅकर मारला आणि डिकीत टाकलं. “आता ही स्टेपनी. डिकीत वारो येणा नाय.” त्या जागी तसंच एक जुनं अलॉयचं चाक शोधून आणून, उजळून बसवलं, आणि जुन्या लोखंडी स्टेपनीची रवानगी कोंबड्यांच्या खुराड्यावर झाली. त्यानंतर वाऱ्याची ही गोष्ट त्याच्या गाडीतल्या गप्पांत कायमची जाऊन बसली. पर्यटकांशी तो त्याच्या शुद्ध मराठीत बोलायचा. “साहेब, हे बाजूला समुद्र, ते बाजूला नदी. आमचा वारा कुणाला सोडत नाय. एक चाक तर एका रात्रीत खाल्लं! खोटं वाटतं तर आमच्या भाचीला विचारा.” सुट्टीत मी कधी पुढच्या सीटवर असले की मागचे लोक कौतुकाने माझ्याकडे बघायचे. मी खिडकीबाहेर माड मोजायची.

बारावीनंतर मला पुढे शिकायची भीती वाटत होती. आई-बाबा ‘तू ठरव’ म्हणाले, पण ठरवायचं कसं हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. प्रवेशाच्या दिवशी मामा देवबागहून गाडी घेऊन आला. सकाळी चारही चाकं गोड्या पाण्याने धुऊन आला होता. कॉलेजच्या दारात उतरले आणि गाडीचं दार धरूनच उभी राहिले. मी म्हटलं, “मामा, तू आत ये.” तो म्हणाला, “मी येणा नाय. माका थयला काय कळणा नाय. पण गाडी हय दारात आसा. आत कोणी काय म्हटला, घाबरायला झाला, तर बाहेर येऊन बघून जा.” मी खरंच दोनदा बाहेर येऊन बघून गेले. एकदा फॉर्म भरताना आणि एकदा विषय लिहिताना. गाडी उन्हात उभी होती आणि मामा फडक्याने पुढचं चाक पुसत होता. मी केमिस्ट्री लिहिलं.

पहिल्याच वर्षी एका प्रॅक्टिकलला सरांनी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ॲसिडात टाकली. थोडा वेळ काही नाही, मग बारीक बुडबुडे. सर म्हणाले, या धातूवर एक पातळ थर असतो, तो आहे तोवर धातू सुरक्षित. आंबट आणि खारट एकत्र आलं की तो थर टिकत नाही; राखेसारख्या क्षारानेही जातो. पितळेचं वेगळं, तिथे वरचा काळा थर निघून खालचं पितळ उजळतं. मी वहीत लिहिता लिहिता थांबले. आंबट, खारट आणि राख... मी तर तिन्ही लावली होती. त्या दुपारी मी मामाला फोन केला. ठरवूनच केला.

“मामा, आज शिकलंय. अलॉयर आंबट पडला ना, तर ता धातू खाता.”

“होय?”

“होय. मीठ असला तर जास्तच.”

“बरां... आणि?”

“आणि... काय नाय.”

“काय नाय?”

“नाय.”

“बरां,” मामा म्हणाला. “जेवलंस?”

त्यानंतर असे किती फोन झाले. प्रत्येक वेळी मी विषयाच्या जवळपर्यंत जायची आणि परत यायची. खोटं एकदा बोललं की ते दर वर्षी जरा अजून अवघड होत जातं. त्यात मामाने त्याची गोष्ट करून ती इतक्या लोकांना सांगितली होती. मी खरं सांगितलं तर मामाच खोटा पडेल, असंही मी स्वतःला समजावायची. पण खरं कारण तेवढंच होतं की मला धीर होत नव्हता.

गेल्या दिवाळीत शेवटची भेट झाली. खड्ड्यात आपटून गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाला चीर गेली होती. म्हणजे ते डिकीतलं चाक आता रस्त्यावर यायला हवं होतं. तोवर मामाने कुणाचं तरी काळं लोखंडी चाक मागून आणून बसवलं होतं. तीन पाय चकचकीत, एक काळा. नाक्यावर लोक विचारायचे, “बाबी, एक पाय काळो कसो रे?” मामा म्हणायचा, “मोजो धुवक घातलंय.” मी गेले त्या दिवशी त्याने डागाचं चाक खळ्यात काढून ठेवलं होतं आणि दोन पाट मांडले होते. “ये. ह्या तुझ्याबरोबर करूचा म्हणून ठेवलंय.”

आम्ही दोघांनी लॅकर काढला, खरखरीत पेपरने सुरुवात केली. मी पाणी सोडत होते, मामा घासत होता. मग मी घासायला घेतलं. समोरासमोर बसलो होतो, मधे ते चाक. वरच्या माडाकडे बघत मामी दोनदा सांगून गेली, “सरकान बसा, नारळ पडात डोक्यार.” याहून चांगली वेळ पुन्हा मिळाली नसती. मी म्हटलं, “मामा, ह्या चाकाक ना...”

मामाचे हात थांबले. “काय?”

तो खरंच थांबला होता. पेपर तसाच बोटांत, पाणी कोपरावरून ओघळतंय, आणि डोळे माझ्याकडे.

“...पेपर बदलू काय?”

मामाने हातातला पेपर बाजूला ठेवला. मग मिशीत हसला. “बदल,” म्हणाला.

मला परीक्षेसाठी परत यायचं होतं. निम्मं काम झालं होतं. मी म्हटलं, उरलेलं तू कर. तो म्हणाला, “ऱ्हवांदे. तू येतंस तेव्हा पुरा करू. घाई नाय.” मामाने चाक गोणपाटाखाली पडवीत झाकून ठेवलं. मला एसटीपर्यंत सोडायला आला तेव्हा गाडी तीन चकचकीत आणि एका काळ्या चाकावर उभी होती. खिडकीतून मी तेवढंच पाहिलं...

मामाचे सगळे विधी झाले, माणसं आपापल्या घरी गेली. नंतरच्या शनिवारी मी मामीकडे राहायला गेले. दुपारी आम्ही दोघी पडवीत बसलो होतो, मामी केरसुणीसाठी माडाचे हीर सोलत होती. समोर गोणपाटाखाली चाक होतं. मी म्हटलं, “मामी, माका एक सांगूचा आसा. ता चाक वाऱ्यान खाल्ल्यान नाय.”

मामीने मान वर केली नाही. “मगे? आगळान ना?”

“तुका म्हायत?”

“म्हायत काय! दोन दिस चाकाक सोलकढीचो वास येय होतो गो. नि खाचांत काथ्याचे धागे. वारो काय काथ्या घेऊन येता?”

“आणि मामा?”

“तेंनीच माका दाखवल्यानी.”

“मगे बोललो कित्याक नाय माका?”

“मी इचारलंय. म्हणाले, ‘चतुर्थीच्या दिवशी चेडवाक रडवूचा? वाऱ्याचा नाव घेतला तर वारो काय भांडूक येणा नाय.’” मामीने हीर बाजूला ठेवले. ती हसायला लागली होती. “मगे तुझी वाट बघीत ऱ्हवले. कॉलेजातसून तुझो फोन इलो की ठेवल्यावर माका सांगीत, ‘आज पन जिभेर इला नि परत गेला.’ नि हसत ऱ्हवत. दिवाळीत तू गेलंस तेव्हा पन तसाच. ‘आज तर अगदी ओठार होता,’ म्हणाले, ‘पेपर बदलून गेला.’”

मी रडले, आणि रडता रडता मलाही हसू यायला लागलं. मामी पण तशीच. बऱ्याच दिवसांनी त्या पडवीत कुणी एवढं मोठ्याने हसलं असेल. मला वाईट वाटतं, नाही असं नाही. त्याला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं आणि मी दिलं नाही. पण सहा वर्षं मी ज्याला घाबरत होते तो माणूस रागावून बसला नव्हता, फोन ठेवून हसत होता... हे कळल्यापासून मला बरंचसं हलकं वाटतं. त्याने विचारलेलं ‘होय ना गो?’ आता मला वेगळं ऐकू येतं.

मी गोणपाट काढलं आणि पाट मांडला. दोन शनिवार-रविवार गेले. खरखरीत पेपर, बारीक पेपर, मग तो कागदासारखा मऊ पेपर. हवा भरायच्या नळीजवळ एक डाग मात्र गेला नाही, तिथले खड्डे खोल आहेत. तो आणखी घासायला गेले तर कडा पातळ होईल, म्हणून मी थांबले. मामीच्या साडीचा तुकडा घेऊन पॉलिश केलं. शेजारच्या विहिरीवरून गोड्या पाण्याची कळशी मीच आणली. लॅकर मारून वाळू दिला.

गाडी आता वाडीतला सुधाकरदादा चालवणार आहे. काळं चाक काढून त्याने हे बसवलं, बोल्ट आवळले आणि वाकून नळीजवळच्या डागावर बोट ठेवलं. “हाच ना ता? एका रात्रीत वाऱ्यान खाल्लेला? बाबीदादा सगळ्यांक सांगा होते.”

“नाय,” मी म्हटलं. “वारो नाय. कोकमाचा आगळ. मी लावलेलंय, नववीत असताना. मामाक मी सांगूक नाय.”

सुधाकरदादाने डागावरचं बोट उचललं. मामी त्याच्यासाठी चहा घेऊन बाहेर आली होती. तिने कप त्याच्या हातात दिला, पदराला हात पुसले आणि परत आत जाता जाता गाडीपाशी थांबली. आम्ही कुणी तिला हाक मारली नव्हती. ती गुडघ्यावर हात ठेवून हळूच वाकली, चाकात पाहिलं, कपाळावर आलेले केस कानामागे सारले.

“नाक वाकडा दिसता,” म्हणाली, आणि आत गेली.